चाकांचा बैल

सरिताच्या चित्रातला बैल गुडघे टेकून दिवाणखान्यात बसला होता. खुरांच्या जागी लाकडी चाकं, पाठीत गोदामाचं उघडं शटर आणि त्यातून उडत चाललेले बगळे. तोंड मात्र माणसाचं, डावी पापणी लोंबलेली. प्रदर्शनातली सगळी गर्दी त्याच्याचपुढं होती.

ते तोंड तिच्या बापाचं, वाडीच्या गोदामात हमाली केलेल्या कवडूजींचं. सरिता लहान असताना तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत निघाली आणि आपल्याकडे बैल नाही म्हणून हिनं भोकाड पसरलं. कवडूजींनी गळ्यात झेंडूची माळ घातली, पोरीला पाठीवर घेतलं आणि रांगत सगळी गल्ली फिरवली. लोक हसले, तेही हसले. त्या दिवशी तिच्याएवढं श्रीमंत कोणी नव्हतं. कॉलेजात गेल्यावर तिला त्याच आठवणीची लाज वाटू लागली. शिकून माणूस शहाणा होतो म्हणतात, होतही असेल.

"हा चेहरा कोणाचा?" एका पाहुण्या बाईंनी विचारलं.

"कोणाचाच नाही. बैल म्हणजे माणसातली मुकी गुलामी. स्वप्नात दिसला." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मागं कोणीतरी खाकरलं. इस्त्रीच्या सदऱ्यात कवडूजी उभे होते, अनवाणी. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. पोरीनं आपल्याला चित्रात काढलं हे ते वाडीभर सांगत फिरले होते, आणि आज ते दाखवायला जुन्या सोबत्याला, नत्थूजींना, घेऊन आले होते.

"कवडू, हा तं तूच होय गा," नत्थूजी म्हणाले. "पापणी पाह्य ना."

बाईंनी कवडूजींकडे पाहिलं, मग सरिताकडे. हे माझे बाबा, एवढंच बोलायचं होतं. सरिता चित्राची चौकट सरळ करू लागली.

"नाही गा," कवडूजी हसून म्हणाले. "मले उगाच वाटलं. म्याडम सांगून राहिल्या ना, स्वप्नातला बैल आहे म्हणून."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी पोरीला म्याडम म्हटलं. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

नत्थूजींचा हात धरून ते निघाले. दाराशी चपलांसाठी वाकताना गुडघा धरेना, तेव्हा त्यांनी दोन्ही हात फरशीवर टेकले. तान्ह्या पोळ्याला तिला पाठीवर घेताना टेकले होते, तसेच. सरिता पाहत होती. बाबा म्हणून हाक मारायला तिची जीभ रेटली नाही.