कादिरकुलची पाठ आणि सुनेचा आवाज

मी एक जुना मेरुरज्जू आहे, मित्रांनो. करंगळीएवढा जाड, हातभर लांब. एकसष्ट वर्षांपूर्वी देणाऱ्यानं मला मणक्यांच्या माळेत ओवलं आणि किर्गिझ डोंगरातल्या कादिरकुलच्या पाठीत ठेवलं. कादिरकुल घोडी पाळतो, आणि कोमुझच्या तीन तारांवर अल्लाची गाणी अशी गातो की ऐकणाऱ्यांचा चहा निवतो.

लोक त्याच्या गळ्याला दाद देतात. मी मनात हसतो. गाण्याचे शब्द मोठा मेंदू आठवतो. घोडीवर तोल लहान मेंदू राखतो. देठासारखा मस्तिष्कस्तंभ श्वास आणि काळजाचे ठोके सांभाळतो, झोपेतसुद्धा. आणि तारांवरच्या बोटांपर्यंत हुकूम कोण पोचवतं? मी, आणि माझ्यापासून फुटलेल्या चेता. बोटांची खबरही आम्हीच वर नेतो. चहाच्या पाण्याच्या तापलेल्या समोवाराला हात लागला तर मी मेंदूची वाटही पाहत नाही. हात आधी मागे घेतो. शिवी मागून येते, ती मेंदूची.

"माझी पाठ लोखंडाची आहे," कादिरकुल म्हणायचा. मी लोण्यासारखा मऊ आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या शरदात उन्हाळी कुरणावरून उतरताना घोडीचा पाय बिळात गेला आणि कादिरकुल पाठीवर आपटला. एक मणका तडकला. त्याची कपची मला टेकली.

आमच्याकडे पडलेल्या स्वाराला लगेच खोगिरावर बसवतात. जमिनीवर पडून राहणं म्हणजे नामुष्की. त्याचा जुना दोस्त तुर्गानबाय धावला. "ऊठ रे बाबा! घोडीनं असं लोळताना पाहिलं तर उद्या पाठीवर घ्यायची नाही ती!" त्यानं आणि आणखी एकानं काखेत हात घातले. जरासं उचललं असतं, तर कपची माझ्यात घुसली असती आणि ते पाय कायमचे गेले असते.

"हात काढा!"

सगळे थिजले. ती नुरझामाल होती, कादिरकुलची सून, दवाखान्यातली परिचारिका. सहा वर्षांत सासऱ्यासमोर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आमच्याकडे सुनेनं ऐकायचं असतं.

"सूनबाई, मोठ्यांसमोर ओरडतेस?" तुर्गानबाय म्हणाला.

"नंतर गाव गोळा करून रागवा, काका. आत्ता त्यांचं डोकं धरा. मान तसूभर हलता कामा नये."

तिनं कुरणावरचं सामान नेणाऱ्या मालमोटारीतून तंबूचं लाकडी दार उतरवून घेतलं. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून सगळ्यांनी त्याला एकदम कुशीवर वळवलं, दारावर घेतलं, लोकरीच्या नमद्यांच्या घड्या लावून बांधलं. मग तिनं पायाच्या तळव्यावर काडी ओढली. अंगठा हलला.

"हलला! बरा झाला!" तुर्गानबाय नाचला.

"थांबा, काका. एवढं पाठीतूनच होतं, मेंदूला कळलं असं नाही. बाबा, काही जाणवतंय?"

तिचं खरं होतं. ती हालचाल माझी एकट्याची. पण खबर मी तशीच वर धाडली होती, दबलेल्या अंगानं, होतं नव्हतं ते बळ लावून.

"जाणवतंय म्हणजे?" कादिरकुल कण्हला. "काडी आहे की खिळा, पोरी?"

नुरझामाल तेव्हा कुठे रडली.

चार महिन्यांनी, मणका सांधल्यावर, तो चालत मेजवानीला आला. मेंढीच्या पाठीचा मानाचा तुकडा त्यानं सुनेपुढे ठेवला.

"अरे, ही तर म्हाताऱ्यांची वाटणी!" तुर्गानबाय म्हणाला.

"वाचलेली पाठ माझी. वाटणी मी ठरवणार."

मग त्यानं कोमुझ घेतला, आणि मी पहिला हुकूम बोटांकडे धाडला.

मित्रांनो, कुणी पाठीवर पडला तर मायेनंसुद्धा ओढून उठवू नका. जाणतं माणूस येईपर्यंत त्याचं डोकं स्थिर धरा. आत माझ्यासारखा कुणीतरी मऊ, जीव मुठीत धरून बसलेला असतो.