खंडेनवमीची टिकली

"मैडम, लाइटवाले कीबोर्ड पर मत जाइए. बच्चा पढ़ने जा रहा है, डिस्को खोलने नहीं," लखनौच्या कपूरथला बाजारातले लॅपटॉपवाले रिझवानभाई म्हणाले.

मधुमतीला ते पटलं. बँकेच्या आलमबाग शाखेत कर्जाचे अर्ज तपासण्यात जिची उमेदीची वर्षं गेली, तिला चकचकीत वस्तूंचा संशय येणारच. सुश्रुतला नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि तो लाल दिवे लागणाऱ्या एका लॅपटॉपभोवती घुटमळत होता.

"सुश्रुत, इकडे ये. भैया काय म्हणतात ते ऐक."

"सुन रहा हूँ, मम्मी."

हे नेहमीचंच. आईने मराठीत बोलायचं आणि लेकाने हिंदीत उत्तर द्यायचं. जन्मच लखनौचा, त्याला तरी काय बोलणार?

रिझवानभाईंनी एक साधा करडा लॅपटॉप पुढे ठेवला. रॅम पुढे वाढवता येते, वजनाला हलका, बॅटरी दिवसभराचे तास काढेल. सोबत एक माउस घ्या, हॉस्टेलच्या टेबलावर मान मोडू नये म्हणून स्टँड घ्या. "कूलिंग पैड रहने दीजिए, उसका पंखा शोर ज़्यादा करता है, हवा कम." असा दुकानदार भेटला की मधुमतीचा जीव भांड्यात पडे.

"और ये एक्सचेंज में," असं म्हणून तिने पिशवीतून विनयचा लॅपटॉप काढला.

विनय, तिचा नवरा, इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होता. पाच वर्षांपूर्वी सकाळी फिरायला म्हणून गेला आणि पार्कातल्या बाकावरच संपला. लॅपटॉपचा पिन कुणालाच माहीत नव्हता. संस्थेतल्या एकाने सांगितलं, सगळं पुसून नव्यासारखा करता येईल. मधुमतीने तो कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि सुश्रुतला हात लावायची बंदी केली.

वर्षातून एकदा मात्र तो बाहेर निघे. खंडेनवमीला घरातली यंत्रं पुजायची हा तिच्या सांगलीच्या माहेरचा रिवाज. मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर आणि शेवटी हा. ती तो चार्जरला लावी, पाटावर उघडून ठेवी. पडद्यावर अक्षरं येत. विनयने हौसेने सगळं मराठीत करून घेतलं होतं.

*तुम्हाला शोधत आहे.*

ती फुलं वाहत असे आणि यंत्र शोधत असे. खोलीत तिच्याशिवाय कुणी नसे. तरी दरवर्षी तिला मागे वळून बघावंसं वाटे, आणि दरवर्षी ती वळून बघे. शेवटी पडदा काळा होई. त्यानंतरचे दोन दिवस ती बेडरूमचं दार लावून झोपे. खरं सांगायचं तर तिला त्या यंत्राची भीती वाटत होती. एक्स्चेंजमुळे थोडी सूट मिळेल हे निमित्त होतं. तिला तो घरातून घालवायचा होता.

रिझवानभाईंनी झाकण उघडलं आणि चार्जर जोडला.

"ये क्या? कैमरे पर बिंदी?"

पडद्याच्या वरच्या पट्टीवर, बरोबर मधोमध, एक मरून टिकली होती. विनय गेला त्या वर्षीच्या खंडेनवमीला तिने ती लावली होती. ओलं कुंकू यंत्रात झिरपेल म्हणून, स्वतःच्या उरलेल्या पाकिटातली. तिने टिकल्या लावणं सोडलं होतं. कपाळ म्हणजे वर आणि मधोमध, एवढाच विचार तिने केला होता.

"पूजा की है, भैया."

"मैडम, आपने तो इसकी आँख पर ही लगा दी. चेहरा देखकर खुलता है ये. इतने बरस बेचारे को कुछ दिखा ही नहीं होगा."

त्यांनी नखाने टिकली काढून तिच्या हातावर ठेवली.

"चार्जिंग का पिन ढीला है क्या?" सुश्रुतने विचारलं आणि बघायला तो पुढे वाकला.

पडद्यावर अक्षरं आली. *तुम्हाला शोधत आहे.* टिकलीखालच्या जागेत एक तांबडा ठिपका लुकलुकला.

*स्वागत, विनय.*

लॅपटॉप उघडला.

सुश्रुत वाकलेला तसाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड पडला होता आणि मधुमती बघत राहिली. भुवया, नाकाचा तो किंचित वाकडा शेंडा, वाचताना पुढे येणारा खालचा ओठ. रोज समोर बसून पोळ्या खाणाऱ्या पोराचा चेहरा असा कधी बदलला? तिला कळलं नव्हतं. यंत्राला पहिल्या नजरेत कळलं.

"मम्मी, ये मुझे..." तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

"खाली एक फाइल है, वीडियो," रिझवानभाई हळूच म्हणाले. "फॉर्मेट से पहले देख लीजिए."

सुश्रुतने ती उघडली. घरची भिंत, घरचं कॅलेंडर आणि विनय. ऑनलाइन व्याख्यानाआधी तो आवाज तपासत होता. "हॅलो, हॅलो. मधू, आत ऐकू येतंय का गं?" मग कान देऊन थांबला. आतून कुकरची शिट्टी झाली. उत्तर आलं नाही. "मधू?" त्याने पुन्हा विचारलं आणि चित्र संपलं.

पाच वर्षांत ती हा आवाज विसरली होती. विसरली होती हेही ती विसरली होती. ती दुकानातच रडली, लोकांदेखत, तोंडावर पदरसुद्धा न घेता.

"तो फॉर्मेट...?" रिझवानभाईंनी विचारलं.

"नको," सुश्रुत म्हणाला. मराठीत.

नवा लॅपटॉप, माउस आणि स्टँड घेऊन सुश्रुत ऑगस्टमध्ये नागपूरला गेला. जाण्याआधी त्याने तो व्हिडिओ तिच्या मोबाइलवर घालून दिला. चेहरा तिचाही नोंदवून देतो म्हणाला, पण त्यासाठी जुना पिन लागत होता आणि तो कुणाकडेच नव्हता.

खंडेनवमीला तिने वृंदावन योजना वसाहतीतल्या, सुश्रुत गेल्याने रिकाम्या झालेल्या घरात पाट मांडला. मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटरची किल्ली आणि शेवटी विनयचा लॅपटॉप. हळदकुंकू या वेळी खालच्या कोपऱ्यात, कोरडं. वरची पट्टी तिने स्वच्छ पुसली आणि समोर बसली.

*तुम्हाला शोधत आहे.*

तांबडा ठिपका लुकलुकला. या वेळी ती मागे वळली नाही. तिने चष्मा काढला, केस कानामागे सारले आणि चेहरा जवळ नेला. यंत्राने तिला बराच वेळ न्याहाळलं.

*तुम्हाला ओळखता आले नाही.*

"अरे, मी आहे," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."

ठिपका विझला. तिने झाकण मिटलं नाही. दिवाळीला सुश्रुत येणार होता, तोवर लॅपटॉप पाटावरच उघडा राहू दे म्हणून ती चहा टाकायला आत गेली.