नऊशे ब्याऐंशी गोळ्या

मी फिट्सच्या गोळ्यांची पेटी बोलतेय. शंभर स्ट्रिपा, एकेकीत दहा गोळ्या, म्हणजे पुऱ्या एक हजार. मोठेपणा म्हणून नाही सांगत. पुढं हाच आकडा एका बाईच्या जिवावर उठला, म्हणून आधीच सांगून टाकते.

जन्म माझा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यातला. आमच्या अंगावर जन्माची आणि मरणाची तारीख एकदमच छापतात. माणसांना ती दुसरी तारीख कळत नाही, म्हणून ती इतकी निवांत! मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. तीस जून.

बनशंकरीच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात मी आले. तिथं गुरुराज नावाचा फार्मासिस्ट होता, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. त्यानं मला लोखंडी कपाटात ठेवलं, जुन्या पेटीच्या मागं. बरोबरच केलं त्यानं. जुनी आधी संपायला हवी. ती संपत आली, आता माझी पाळी, म्हणून मी सावरून बसले होते. आणि जानेवारीत गुरुराजची हेब्बाळला बदली झाली.

त्याच्या जागी निवेदिता आली. अशा वेळी जुन्यानं आणि नव्यानं समोरासमोर बसून यादीतली एकेक वस्तू मोजायची, सह्या करायच्या, असा रिवाज. त्याला चार्ज देणं म्हणतात. सगळं जुळलं, फक्त लसीचा एक बर्फडबा सापडेना.

"तो मलाही मिळाला नव्हता," गुरुराज म्हणाला.

"मग मी सही कशी करू, अण्णा? उद्या माझ्याकडं मागतील."

"सरी, ठीक आहे. मग मीही करत नाही."

दोघांनी कपाटाच्या दाराच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर मात्र दोघांच्या सह्या झाल्या. जुन्या पेटीतल्या उरल्यासुरल्या स्ट्रिपा खिडकीपाशी गेल्या. मी आत अडकले.

अंधार काय, कुणालाही सोसतो. मला सोसेना ते बाहेरचं बोलणं. दर महिन्याला सकवारबाई यायची, सून महानंदाला घेऊन. महानंदा कपडे शिवायच्या कारखान्यात मशीनवर होती. रोज दोन गोळ्या घेतल्या की ती तुमच्याआमच्यासारखी धडधाकट. फेब्रुवारीत निवेदितानं सांगितलं, "संपल्यात, अज्जी. वर मागितल्यात."

मागितल्या होत्या, खोटं नाही. पण वरून उत्तर आलं की तुमच्याकडं हजार शिल्लक दिसतात, मग नव्या कशाला? कम्प्युटरात मी होते ना! मी पोचत नव्हते, आणि मी असल्यामुळं दुसरीही कुणी येत नव्हती. फिट्सचे आणखी दोघं रोगी होते, ते हेलपाटे घालून यायचे बंद झाले. सकवारबाई बंद झाली नाही.

बाहेरच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या महानंदा पुरवून पुरवून घ्यायची. दोनाची एक, मग दिवसाआड. आपल्या बायकांना ही खोडच आहे, औषधातही काटकसर! मे महिन्यात ती मशीनवरच आडवी झाली, सुई बोटातून आरपार. कारखान्यानं सांगितलं, बरी होऊन ये, नाहीतर येऊ नको.

एकवीस जूनला सकवारबाई एकटी आली आणि खिडकीपुढं ठाण मांडून बसली.

"खरं सांग गे बाई. गोळ्या आहेत का नाहीत?"

"आहेत, अज्जी. पण कपाटात आहेत."

"मग काढ की! कपाटात काय वाघ बसलाय?"

"सील आहे. मला चार्ज मिळालेला नाही. बर्फडबा सापडेपर्यंत..."

"बर्फडबा? एका डब्यासाठी माझी सून पडते? कुठाय तो तुझा अण्णा?"

निवेदितानं तिच्यादेखत फोन लावला. त्यातून गुरुराजचा आवाज माझ्यापर्यंत आला, "येतो म्हणालो नं! स्वल्प कामात आहे. आधी तो डबा यादीतून काढायला सांगा."

सकवारबाई उठली. "दगड आणते. कुणी फोडलं विचारलं तर माझं नाव लिही. म्हातारीला काय फासावर देतील?"

"बसा, अज्जी. तुम्ही नाही फोडायचं."

मग ब्लेडचा आवाज. पट्टी फाटली. पाच महिन्यांनी उजेड आला, आणि निवेदिताचा हात माझ्यावर आला. तिनं तारीख वाचली. हात तिथंच थांबला.

"नऊ दिवस राहिलेत," ती म्हणाली. नऊ दिवसांच्या अठरा गोळ्या तिनं मोजून दिल्या.

"आणि दहाव्या दिवशी?" सकवारबाईनं विचारलं.

निवेदितानं कपाटाची यादी पुढं ओढली. सील मी तोडलं, असं लिहून खाली सही केली. ही सही जानेवारीत केली असती तर!

आज जुलैची बारा तारीख. माझ्यावर लाल फुली आहे. नऊशे ब्याऐंशी गोळ्या पोटात घेऊन मी एका खोक्यात पडलेय, आणि खोक्यावर पुन्हा कागदाची पट्टी आहे. मला जाळायचं तर कमिटीच्या तीन सह्या लागतात. दोन झाल्यात, तिसरे साहेब रजेवर आहेत. तिसरी होईपर्यंत कम्प्युटरातला माझा आकडा हलत नाही, आणि तो हलेपर्यंत नवी पेटी येत नाही. काल सकवारबाई येऊन गेली. महानंदा पुन्हा बाहेरच्या दुकानातल्या गोळ्या दिवसाआड घेतेय.

तुमच्यातलं कुणी त्या साहेबांना ओळखत असेल तर एवढं करा. मला वाचवा असं मी म्हणत नाही, माझी वेळ गेली. मी मेलेय, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. आजच घ्या. महानंदाच्या गोळ्या उद्यापुरत्याच आहेत.