तार जोडलेली आहे

“दिव्यावर जाऊ नकोस, पेइ-युन,” हूदादा म्हणाले होते. “हिरवा दिवा एवढंच सांगतो की तार जोडलेली आहे. पलीकडे कोणी बोलतंय का, ते त्याला माहीत नसतं.”

तेव्हा पेइ-युनला सातवा महिना होता. पाय सुजलेले, माल रवाना करायची तारीख डोक्यावर, आणि त्यात हूदादांचं हे टुमणं. शिंचू शहरातल्या एका कंपनीत ती नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहायची. कार्डाचं म्हणणं संगणकाला आणि संगणकाचं कार्डाला समजावणारा दुभाष्याच तो. हूदादा तिचं काम तपासायचे. तपासायचे म्हणजे छळायचे. माहिती धो धो वाहत असताना मध्येच तार उपटायची, खोचायची, पुन्हा उपटायची.

“अहो दादा, चालू कामात तार उपटतं कोण?”

“मांजर,” हूदादा म्हणाले. “झाडूवाली बाई. मूल. तुझं होईल ना, ते.”

“होऊ तर दे आधी. दिवा लागलाय, कार्ड म्हणतंय मी ठीक आहे. मी कशाला उगाच संशय घेऊ त्याच्यावर?”

“संशय नको गं. अधूनमधून काहीतरी विचार त्याला, आणि उत्तर येईपर्यंत थांब. बस.”

“पुढच्या आवृत्तीत बघू,” असं म्हणून तिनं विषय मिटवला होता. हूदादा हसले, यंत्रांच्या मांडणीवर ठेवलेलं कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट त्यांनी जरा सरळ केलं आणि जेवायला गेले. त्या पाकिटाच्या नावाचा अर्थच मुळी ‘शहाण्यासारखं वाग’. पाकीट हिरवंच हवं, फोडायचं नाही, वरची तारीख उलटायच्या आत बदलायचं. नाहीतर यंत्रं रुसतात. शिकलेसवरलेले इंजिनिअर यावर हसत, पण पाकिटाला हात लावायची छाती कुणाचीच नव्हती. ते बदलायचं काम हूदादांचं. निवृत्त झाले तेव्हाही बजावून गेले, “पाकीट मीच आणीन. तुमच्यावर माझा भरवसा नाही.”

आता पेइ-युनची लेक दोदो दहा महिन्यांची होती. नवरा थाईनानच्या कारखान्यात, शनिवारी यायचा. दिवसभर दोदो असायची अछिन मावशींकडे. बाई पोर सांभाळण्यात मुरलेली होती, तरी पेइ-युनचा जीव खालीवर व्हायचा. म्हणून तिनं मावशींच्या खोलीत कॅमेरा बसवला होता. तो नेटवर्कच्या ज्या डबीला जोडला होता ती कंपनीनंच सगळ्यांना घरी वापरून बघायला दिली होती. आतलं कार्ड कंपनीचं, ड्रायव्हर पेइ-युनचा.

त्या बुधवारी दोदोला आदल्या दिवसाची कणकण होती. पेइ-युननं बैठकीला जाताना फोनवर पाहिलं. दोदो कुशीवर झोपलेली, पांघरुणावर मावशींचा हात. कोपऱ्यात हिरवा ठिपका. बैठकीत टेबलाखालून पुन्हा पाहिलं. झोपलेलीच. बरं झालं, ताप उतरला असेल. बाहेर येऊन पाहिलं. अजून झोपलेलीच, हात तिथंच.

इतका वेळ? तापात मूल इतकं गाढ झोपतं?

मग तिची नजर पडद्यावर गेली. शिंचूचा वारा खिडकीवरचा पडदा धड राहू देत नाही. फोनमधला पडदा वाऱ्यानं फुगून वर उडाला होता आणि तसाच हवेत थांबला होता. खाली यायलाच तयार नव्हता.

मावशींचा फोन वाजत राहिला. पेइ-युननं हेल्मेट उचललं. कुणीतरी मागून विचारलं, “कुठं?” ती तोवर जिन्यात पोचलीही होती. वारा स्कूटर रस्त्याच्या कडेला ढकलत होता आणि तिच्या डोळ्यांपुढं तो एकच हात, पांघरुणावरचा, न हलणारा. ताप डोक्यात गेला असेल. मावशींनाच काही झालं असेल. तीन जिने ती कशी चढली ते तिलाच ठाऊक.

दार मावशींनी उघडलं. कडेवर दोदो, तोंडात तांदळाची चकती, सगळा चेहरा लाळेनं माखलेला.

“अगंबाई, तू? कामावरून काढलं की काय?”

“फोन का नाही उचलत तुम्ही!”

“दोन्ही हात हिच्यात अडकलेले! उठल्या उठल्या रांगत गेली ती थेट तुझ्या त्या डबीपाशी. ओढली तार. मी लगेच खोचली हं परत, दिवासुद्धा लागला. म्हटलं, तू घाबरशील, म्हणून कॅमेऱ्याला हात केला. हिलाही करायला लावला. बघितलंस ना?”

पेइ-युन दारातल्या चपलांवरच बसली. समोर डबीवरचा हिरवा दिवा शांत जळत होता. इतका वेळ या दोघी तिला हात करत होत्या, आणि ती पाहत होती हवेत थांबलेला पडदा.

“रडतेस काय? ताप गेलाय तिचा,” मावशी म्हणाल्या. “सूप घे गरम. चेहरा बघ कसा झालाय, भूत परवडलं.”

जेवणानंतर ती कंपनीत परतली, थेट यंत्रशाळेत गेली आणि तार उपटू लागली. उपटायची, खोचायची. बऱ्याचदा काहीच होईना. आणि मग एकदा झालं. दिवा लागलेला, कार्ड म्हणतंय मी ठीक आहे, पण बाहेरून येणारं एक अक्षर आत येत नव्हतं. अशाच हजारो डब्या पुढं विकल्या जाऊन लोकांच्या घरांत गेल्या होत्या. कुणाच्या पाळण्यापाशी असतील, कुणाच्या आजारी आईच्या उशाशी.  आत्ता हूदादा हवे होते, टोमणे मारायला का होईना.

तिनं सवयीनं मांडणीवरच्या पाकिटाकडे पाहिलं. वर धूळ. उलटून तारीख पाहिली. केव्हाच उलटून गेली होती.

“आखाय,” तिनं शेजारच्या पोरगेल्या इंजिनिअरला विचारलं, “हूदादा शेवटचे कधी आले होते रे?”

“रोज येतात की, ग्रुपवर. आज कमळ होतं.”

खरंच होतं. रोज सकाळी हूदादांचं फुलाचं चित्र येई. ‘सुप्रभात. तब्येत सांभाळा. सगळं ठीक.’ खाली सगळ्यांचे अंगठे. पेइ-युनचाही, दात घासता घासता दिलेला. ती मागं मागं जात राहिली. दोदोचा पहिला फोटो तिनं टाकला होता, त्यावर हूदादांचा एक शब्द नव्हता. तेव्हा ती मनातून रुसलीही होती. आखायचे वडील गेल्याचं त्यानं कळवलं, त्याच्याखाली दुसऱ्या सकाळी टवटवीत सूर्यफूल. हूदादा असं करतील?

चित्र रोज त्याच ठोक्याला येत होतं. एकदाही मागंपुढं नाही. माणूस इतका नेमका नसतो.

“हे आपोआप येतंय,” ती म्हणाली. “हे लावून ठेवलंय त्यांनी.”

आखायचा हसरा चेहरा उतरला.

ती तशीच शेजारच्या जुपेइला निघाली. हूदादांच्या इमारतीपाशी त्यांची स्कूटर उभी होती. हँडलपासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलेलं.

“हू साहेब? आहेत की वर,” पहारेकरी म्हणाला. “खिडकीत दिवा लागतो रोज.”

“दिवा राहू द्या. तुम्ही पाहिलंत कधी त्यांना?”

त्यानं डोकं खाजवलं.

पाचव्या मजल्यावर तिनं घंटी वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली.  खाली जाऊन पहारेकऱ्याकडे किल्ली मागावी का? पोलीस? तिनं दाराला कान लावला. बऱ्याच वेळानं आतून काहीतरी घासत आल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

दार उघडलं. हूदादा निम्मे उरले होते. उजवा हात स्वेटरच्या खिशात घातलेला.

“अरे वा. पेइ-युन,” शब्द जाड होऊन येत होते. “सगळं ठीक.”

चित्राखालचेच शब्द. ती दारातच उभी राहिली, त्यांच्याकडे बघत. हूदादांनी जमिनीकडे पाहिलं, मग वाऱ्यानं खडखडणाऱ्या खिडकीकडे. ती थांबली.

“चॉपस्टिक धरता येत नाहीत गं,” शेवटी ते म्हणाले. “नवीन वर्षाच्या सुमारास झालं हे.”

“मग जेवता कसे?”

“चमच्यानं. तुझी लेक जेवते तसा.”

“आणि कुणाला कळवायचं नाही?”

“मुलगा व्हँकुव्हरला. फूल त्यालाही जातं, तो लाल बदाम पाठवतो रोज. तुम्ही अंगठे पाठवता.” चेहऱ्याची एकच बाजू हसली. “चांगलं चाललं होतं.”

पेइ-युननं त्यांना आत नेऊन खुर्चीत बसवलं. “दादा, दोदोनं तार उपटली. चालू कामात.”

“मी आधी मांजर म्हणालो होतो.”

“मूलही म्हणाला होतात.”

“पाकिटाची तारीख बघितलीस?”

“उलटलीय.”

“तरीच!” हूदादा म्हणाले, आणि दार उघडल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जुना चेव आला.

येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेलं नवं हिरवं पाकीट तिनं त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते त्यांनी डाव्या हातानं सावकाश सरळ केलं, कडा गुडघ्याशी जुळेपर्यंत; मांडणीवर करायचे तसंच.

तिचा ड्रायव्हर आता कार्डाला अधूनमधून प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो. पेइ-युन बुधवारी जुपेइला जाते, दोदोला घेऊन. अछिन मावशी सुपाचा डबा देतात. भेटेल त्याला पेइ-युन एक विनंती करते, तीच तुम्हालाही. आज सकाळी तुमच्या फोनवर कुणाचं तरी फूल आलं असेल. त्याला अंगठा नका देऊ. फोन लावा, वाजू द्या. उचलला तर पलीकडून ‘सगळं ठीक’ म्हणतील. लगेच ठेवू नका. पुढचं वाक्य येईपर्यंत थांबा.