घट्ट झाकण

हॅलिफॅक्सच्या चर्चच्या हॉलमध्ये आम्ही संधिवाताचे रुग्ण वाकड्या बोटांनी चहाचे कप सांभाळत बसलो होतो. नव्या औषधाची चाचणी कशी घ्यावी, हे आम्हालाच विचारायला डॉक्टर फिलिपा आल्या होत्या. त्यांनी गोळ्यांची बाटली फिरवली. जो तो "छान आहे हं" म्हणून ती शेजाऱ्याकडे सरकवत होता. आमच्याकडे तोंडावर नावं ठेवत नाहीत ना!

माझं डोकंच फिरलं. शेजारी म्हातारा विल्फ होता, जुना गवंडी. म्हटलं, "छान काय? उघडून दाखव."

विल्फने झाकण दाबलं, पिरगाळलं, दातांत धरलं. शेवटी हसला. "पोरांना उघडता येऊ नये म्हणून असं करतात म्हणे. आम्हाला तरी कुठे उघडतंय!"

डॉक्टर चपापल्या. "मग मागच्या चाचणीत अशाच बाटलीतल्या गोळ्या कशा घेतल्या?"

"ती बाटली अजून सीलबंद आहे, बाई," विल्फ म्हणाला.

माना खाली घालून आणखी दोघंतिघं "आमचीही" म्हणाले.

"अहो, पण मी दर महिन्याला फोन करत होते!"

"तुम्ही 'कसं काय' विचारायचात, मी 'बरं आहे' म्हणायचो."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "त्या औषधाने गुण येत नाही," त्या हळूच म्हणाल्या, "असं मी छापलंय."