नाकावरची माशी

अमरसिंगच्या नाकावर माशी बसली की तो कपाळावर चापट मारायचा. माशी आरामात बसून राहायची.

त्यात त्याची चूक नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याशी मोहाची फुलं वेचताना अस्वलानं त्याचं नाक नेलं होतं. अस्वलही फुलांसाठीच आलं होतं, हद्दीचा वाद. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक घडवलं. पण ते नव्या जागी रक्त धरेपर्यंत जुन्या जागेपासून तोडता येत नाही. म्हणून भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा एक पूल तीन आठवडे तसाच ठेवलेला. नसाही कपाळाच्याच. "नाकाला हात लागला की मेंदूला कपाळच वाटतं," बाई म्हणाल्या, "त्याला अजून कुणी कळवलेलं नाही."

अमरसिंगला हे पटलं. त्यानंही घरी नव्या नाकाचं काही कळवलं नव्हतं. बायकोला, दिवालीबाईला, फोनवर एवढंच सांगितलं होतं, "बठ्ठं बरं शे. तू येऊ नको. बकऱ्या कोन देखी?" खरी गोष्ट अशी, की त्यानं एकदा आरसा पाहिला होता आणि स्वतःच मान फिरवली होती. तिनंही फिरवली तर?

शेजारच्या खाटेवर धरणगावचे तोताराम आबा होते. जबडा मोडलेला, दात तारेनं आवळलेले, जेवण नळीनं.

"आबा, ती आली अन् तिनं मान फिरवली तर?"

"म्म्म."

"मी तेच म्हणतो."

दोघांत कधी मतभेद झाला नाही. मग आबांना घरी सोडलं. अमरसिंगनं रिकाम्या खाटेलाही विचारून पाहिलं. उत्तर साधारण तेच आलं.

पूल कापायच्या आदल्या संध्याकाळी दिवालीबाई न सांगता दारात उभी. त्यानं चादर डोक्यावरून ओढली.

"काढ ते."

त्यानं काढली. ती बघत राहिली. मान हलली नाही.

"यामा अस्वलनं कितलं, अन् डाक्टरनं कितलं?"

"पूल डाक्टरना."

"हं."

"बकऱ्या कोन देखी राह्यनं?"

"त्याच."

तेवढ्यात माशी बसली. त्यानं कपाळावर चापट मारली.

"येडा व्हयना का?" म्हणत तिनं माशी हाकलली, हात धुतले आणि नाकावर हलकेच बोट ठेवलं. अमरसिंगला ते कपाळावर कळलं. मागं ताप चढला होता तेव्हा तिनं हात ठेवला होता, अगदी तिथंच. त्यानंतर कपाळाला लागली ती फक्त सुई.

"राहू दे," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या. "उद्या सकाळी पूल कापू. मग काही महिने नाक बधिर राहील, काहीच कळणार नाही."

"परवा कापला तर?"

"का? दुखतंय?"

"नाही."

बाईंनी त्या बोटाकडे पाहिलं. माशी केव्हाच गेली होती.

"हात धुतलाय ना?"

"धुयेल शे," दिवालीबाई म्हणाली.

"मग परवा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.