ताकाची ओळख

“ताई, सकाळी चौधरणीच्या दारात ताकाला येत जा. प्यायचं नसंल तर मोरीत वता, पर येत जा,” कुमुद म्हणाली होती, तेव्हा मी हसले होते.

हरियाणातल्या मानेसरच्या त्या गल्लीत आम्ही दोघीच मराठी. दोघींचे नवरे एकाच नव्या कारखान्यात. तिचा मशीनवर, माझा ऑफिसात. चौधरीण आमची घरमालकीण. लोणी काढून उरलेलं ताक ती गल्लीत फुकट वाटायची. मी अर्थशास्त्राची पदवीधर. वाटीभर ताकासाठी तासभर शेणात उभं राहणं मला परवडेना. मी डेअरीचं दही आणलं.

मोहरीची शेतं कारखान्यांनी खाल्ली होती, उकरलेली माती उडून पिठात पडायची. म्हशी तेवढ्या टिकल्या होत्या. एप्रिलात चौधरणीच्या दिरानं इंग्रजी शाळा काढली. प्रवेशासाठी माझ्या मयुराकडून मी रंग, फळं, फुलं घोटून घेतली. मुलाखतीत तिला कुणी काही विचारलंच नाही.

“गाँव में आपको जानता कौन है?” दिरानं मला विचारलं.

मी पदवी सांगितली.

“अच्छा है,” म्हणत त्यानं पुढच्याला बोलावलं.

कुमुदच्या अक्षताला पेन्सिल धरता येत नव्हती. तिला जागा मिळाली.

“तू काय बोललीस गं?”

“म्या कशाला बोलू? चौधरीणच म्हणली, रोजची पोरगी हाय आपली.”

दुसऱ्या दिवशी भांडं घेऊन मी सगळ्यांच्या आधी हजर. चौधरणीनं काठोकाठ ताक ओतलं. “आ गई पढ़ी-लिखी? छाछ ले जा बेटी. सीट तो इब भर ली.”

“शेण भराया बी लागा ताई,” कुमुद कानाशी पुटपुटली, “वळख बिगीनं हुती.”

मग मी सुशिक्षित बाईसारखा सर्वोत्तम पर्याय निवडला: गुडगावची नावाजलेली शाळा. तिथं ओळख लागत नाही, फी लागते. अक्षता चौघी मैत्रिणींचे हात धरून पायी जाते. उशीर झाला तर गल्लीतली कुठलीही बाई चपला घालून निघते. माझी पाच वर्षांची पोर व्हॅनमधून हायवेनं जाते. त्या व्हॅनमध्ये आमच्या गल्लीतलं दुसरं मूल नाही.

काल भर दुपारी, लूच्या गरम वाऱ्यात व्हॅन आलीच नाही दोन तास. गुडगावात फोन करून ‘जरा बघता का’ म्हणावं, असं एक घर मला आठवेना. मयुरा आली ती ओठ सुकलेली.

तुम्ही तिकडं राहत असाल, दुपारी शाळा सुटताना रस्त्यात असाल, तर त्या व्हॅनमध्ये जरा डोकावाल? मागच्या सीटवर, दोन शेंड्या, निळी बाटली. मराठीतच हाक मारा. पाणी प्यायली का, तेवढं बघा.